कोचिंग स्टाफचं पान

आमच्या घरात रामनाम लिहायला वेगळं पेन नव्हतं. एकच पेन होतं, निळ्या शाईचं. लग्नासाठी मी शाळेतली नोकरी सोडली तेव्हा बरोबरच्या शिक्षिकांनी वर्गणी काढून दिलेलं. पहाटे अंघोळ झाली, तुळशीला पाणी घातलं की मी वहीत एकशे आठ वेळा नाव लिहायची आणि मगच तोंडात घास घालायची. तुळस म्हणजे बाल्कनीत, दुधाच्या पावडरच्या डब्यात लावलेली. दोहाच्या वाऱ्यात ती बिचारी कशीबशी तग धरून होती. वाण्याची यादी, सासूबाईंना पत्र, सगळं त्याच पेनाने. म्हणून त्या पेनाने खोटं लिहायचं नाही, एवढा एक नेम मी आपला मनाशी धरला होता. तो कधी जड जाईल असं वाटलं नव्हतं. वाण्याच्या यादीत खोटं काय लिहिणार?

ते साल त्र्याऐंशी. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्यातले सगळे मिळून चौदा महिने आम्ही एका छपराखाली राहिलो होतो. हे, म्हणजे माझे यजमान धोंडीराम, इथल्या एका टेक्निकल कॉलेजात वर्कशॉपचे स्टोअरकीपर होते. स्टोअरकीपरच्या ग्रेडला फॅमिली व्हिसा मिळत नसे. मी आले होते ती व्हिजिट व्हिसावर, आणि तो एकतीस मार्चला संपत होता. त्यापुढे वाढ नाही, असं ऑफिसने स्पष्ट सांगितलं होतं. मूलबाळ नव्हतं. त्यासाठी आधी नवराबायकोने एका गावात राहावं लागतं, असं माझ्या सासूबाईच शेजारणींना सुनवायच्या.

आता यात बेसबॉल कुठून आला ते सांगते.

कॉलेजात मिस्टर डेल म्हणून एक अमेरिकन मास्तर होते. त्यांनी आदल्या वर्षी पोरांचा बेसबॉलचा संघ काढला. संघात कतरी, सुदानी, पॅलेस्टिनी अशी सगळी मुलं. मदतीला त्यांनी हाताशी सापडली ती तीन माणसं धरली. कॉलेजच्या बसचे ड्रायव्हर बाजीराव, वर्कशॉपचा टर्नर जहूर आणि चेंडू-हातमोजे ज्यांच्या कपाटात असायचे ते आमचे हे. डेल मास्तर नाताळात घरी गेले ते वडिलांच्या आजारपणामुळे परत आलेच नाहीत. संघ तसाच राहिला आणि हे तिघंही राहिले. प्रिन्सिपल क्रॉफर्डसाहेब इंग्रज. त्यांनाही त्या खेळातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे हे तिघं म्हणतील तोच बेसबॉल.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी अमेरिकन इंजिनिअर लोकांच्या संघाशी मॅच ठरली. साहेबांनी एक छापील पुस्तिका काढायचं ठरवलं आणि तिघांना बोलावून सांगितलं, "पुस्तिकेत कोचिंग स्टाफचं एक पान हवं. प्रत्येकाने खेळात आजवर काय केलं ते लिहून द्या. मॅचनंतर तुमच्यापैकी एकाला स्पोर्ट्स सुपरवायझर करायचं आहे. ते पान बघूनच ठरवू."

सुपरवायझरच्या ग्रेडला फॅमिली व्हिसा होता.

बुधवारी संध्याकाळी तिघंही आमच्याकडे आले. नजमा भागातल्या त्या दोन खोल्यांत बसायला दोनच खुर्च्या, म्हणून मी सतरंजी घातली. पोहे केले होते. इंग्रजी लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण चार वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. माझं पेन आणि कागद घेऊन मी भिंतीशी बसले.

हे म्हणाले, "लिही. धोंडीराम. मुंबईला रेल्वेकडून तीन वर्षं बेसबॉल."

मी पेनाचं टोपण काढलंच नाही.

"लिही की."

"तुम्ही मुंबईला फक्त विमानात बसायला गेला होतात," मी म्हटलं.

बाजीराव एवढ्या मोठ्याने हसले की त्यांच्या हातातली बशी कलंडली. बाजीराव कराडकडचे. अंगाने पैलवानासारखे, पण चालताना पावलांचा आवाज येत नसे. "आवं वैनी, तुमी आमच्या पार्टीतल्या का सायबाच्या?"

"या पेनाने मी रामनाम लिहिते, भाऊजी."

"मग दुसरं पेन घे," हे म्हणाले. "माझ्या खिशातलं घे."

"हात तोच आहे ना."

जहूर रत्नागिरीचा, तिघांत वयाने लहान आणि बोलायला कमी. तो म्हणाला, "बरोबर आहे वहिनींचं. खोटं लिहिलं आणि त्या अमेरिकनाने विचारलं, मुंबईत बेसबॉलचं ग्राउंड कुठे आहे, तर काय सांगणार? चर्चगेटला?"

"तू गप रे," बाजीराव म्हणाले. मग माझ्याकडे वळून एकदम हळू आवाजात म्हणाले, "वैनी, आमचं सोडा. आमाला सुपरवायझर व्हायचं न्हाई. धोंडीरामला झालं तर तुमी हितं ऱ्हाल. तुमी ऱ्हायला तर आमाला सुट्टीच्या दिशी नीट भाकरी मिळंल. आमचा सवार्थ हाय ह्यात."

मी खाली मान घातली. मला राहायचं नव्हतं का? पण मी म्हटलं, "तुम्ही खरं खरं सांगा. मी ते चांगल्या शब्दांत लिहीन. चांगले शब्द म्हणजे काही खोटं नाही."

"बरं, इचारा," बाजीराव म्हणाले आणि मांडी घालून साक्षीदारासारखे बसले.

मग मला कळलं की हा माणूस नऊ वर्षं खो-खो खेळला होता. तालीम मंडळाचा कप्तान होता, जिल्ह्याच्या संघातून दोनदा पुण्याला गेला होता. खुंटाशी सूर मारताना हनुवटी फुटली होती, ती खूण त्यांनी दाढी वर करून दाखवली. पुढे एस.टी.त लागले, मग इथे.

"पोरांना पळायला मीच शिकवतो," ते म्हणाले. "जानेवारीपासनं. पहिली गोष्ट सांगितली, पाऊल ज्या दिशेला टाकलं त्या दिशेला टाकलं. खो-खोत उठलेल्या गड्यानं माघारी वळायचं न्हाई. वळला की फाऊल. आता आपली पोरं बघा, एकदा सुटली की सुटली. मागं बघत न्हाईत."

मी तसंच लिहून घेतलं. हे ऐकत होते, पोहे चिवडत.

जहूरने आधी तर सांगायचंच नाकारलं. "मी काय खेळलो वहिनी? काही नाही." मग पोरांना चेंडू फेकायला कोण शिकवतं, असं विचारल्यावर म्हणाला, "ते मी. पण तो खेळ नाही. आमचा बावा, म्हणजे बाप, खाडीत पाग टाकायचा. पाग म्हणजे गोल जाळं, कडेला शिशाचे मणी. सात वर्षांचा होतो तेव्हापासून मी टाकला. हाताने फेकाल तर जाळं समोर गोळा होऊन पडतं. आधी कंबर फिरवायची, मग खांदा, हात आपोआप येतो. डेलसाहेबाने एकदा मला चेंडू परत टाकताना बघितलं आणि म्हणाला, हे या पोरांना शिकव."

"आणि बॅटी?"

"त्या लेथवर मीच केल्यात. तीन तुटल्या, चौथी टिकली. तेही लिहा."

"तुटलेल्या कशाला लिहायच्या?" हे म्हणाले.

"खरं लिहायचं ठरलंय ना भाऊ?"

एवढ्यात मशिदीतून मगरिबची बांग झाली. जहूर नमाजाला उठला. बाजीरावांना संध्याकाळच्या वर्गाची मुलं आणायची होती. दारात चपला घालताना ते म्हणाले, "वैनी, आता कप्तान धोंडीरामाचं लिवा. त्यो मिरजेला क्रिकेट गाजवून आलाय, आमाला रोज ऐकवतो." आणि दोघे जिना उतरून गेले.

मी नवीन ओळ घातली. धोंडीराम, असं लिहिलं. मला काही विचारायची गरजच नव्हती. मला बघायला आले तेव्हा यांच्या मामांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं, मुलगा क्रिकेट खेळतो, चांगला खेळतो. वडिलांना क्रिकेटचं वेड. माझ्या लग्नात निम्मं काम त्या एका वाक्याने केलं होतं.

"मिरजेच्या कुठल्या क्लबाकडून?" मी विचारलं.

यांनी उठून दिवा लावला, देवापुढे उदबत्ती लावली. एरवी ते काम माझं. मग माझ्यासमोर बसले.

"मी कधी खेळलो नाही."

"म्हणजे?"

"बॅट हातात धरलेली नाही. मी फळ्यावर असायचो. सांगलीच्या मैदानावर धावफलक होता ना मोठा, लाकडी. त्याच्या मागे शिडी. टिनाचे आकडे असायचे, ते खिळ्याला अडकवायचे. सहा वर्षं मी आकडे अडकवले. मामांनी खेळतो म्हणून सांगितलं आणि मी गप्प बसलो. तू चहा घेऊन आली होतीस."

मला राग यायला हवा होता. पण नऊ वर्षं हा माणूस पत्रांतून, सुट्टीत, जेवताना, माझ्या वडिलांशी क्रिकेटवर बोलताना ते एक ओझं वागवत आला होता, हे माझ्या लक्षात आलं आणि मला त्याची दयाच आली. आणि खरं सांगते, थोडं हसूही आलं.

"म्हणून तुम्ही बाबांबरोबर गच्चीत खेळायला कधी आला नाहीत. दर वेळी खांदा दुखायचा."

"खांदा कधीच दुखला नाही," हे म्हणाले. "आता लिही. नाहीतर नको लिहू. नुसतं स्टोअरकीपर लिही."

"शिडीवरून काय दिसायचं?" मी विचारलं.

"काय दिसायचं म्हणजे?"

"सहा वर्षं वरून बघितलंत. काय दिसायचं?"

ते हळूहळू बोलायला लागले. म्हणाले, खाली उभा असतो त्याला फक्त चेंडू दिसतो. वरून रिकामी जागा दिसते. कोण कुठे उभा नाही, ते दिसतं. चेंडू बॅटला लागायच्या आधीच त्यांचा हात पुढच्या आकड्यावर जायचा, आणि बहुधा तोच आकडा लागायचा. आता ते आपल्या पोरांना मैदानात उभं करतात तेही तसंच, मनातल्या शिडीवर चढून.

मी ते सगळं लिहिलं. पहिल्या वाक्यात लिहिलं की धोंडीराम यांनी स्वतः कोणताही खेळ खेळलेला नाही. ते वाक्य लिहिताना हात थांबला. माझा व्हिसा, माझी बाल्कनीतली तुळस, सगळं त्या एका वाक्याने जाणार हे मला दिसत होतं. जिल्ह्याकडून खेळलेला कप्तान असताना आकडे अडकवणाऱ्याला कोण सुपरवायझर करील? पण लिहिलं. हे माझ्या खांद्यावरून वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "अक्षर छान आहे तुझं."

सकाळी कागद घडी न घालता, फायलीत ठेवून घेऊन गेले.

मॅचच्या दिवशी माझा शुक्रवारचा उपास होता. बाजीरावांच्या बसमधून मला नेलं. मैदान म्हणजे कॉलेजमागची सपाट रेताड जागा, चुन्याने आखलेली. प्रिन्सिपलसाहेबांची मेमसाहेब, दोन अमेरिकन बायका आणि मी अशा आम्ही चौघी बसच्या सावलीत खुर्च्यांवर. प्रत्येकीच्या हातात पुस्तिका. मी माझ्या पुस्तिकेतलं ते पान उघडलंच नाही.

खेळ मला फारसा कळत नव्हता, पण यांनी समजावलं होतं तेवढं सांगते. मारणारा चेंडू मारून पळतो. चार कोपऱ्यांवर चार तळ असतात, ते फिरून घरी आला की एक धाव. पण चेंडू उंच उडाला आणि समोरच्याने वरच्यावर झेलला, तर तळ सोडून निघालेल्याने आपल्या जुन्या तळावर परत यायचं असतं. त्याच्या आधी चेंडू तिथे पोचला तर तोही बाद.

जहूरने शिकवलेल्या मुलाने पहिले तीन अमेरिकन असे बाद केले की एका बाईने तोंडाला हात लावला. कंबर आधी फिरायची, हात मागून. मला तर डोळ्यांसमोर खाडीच दिसली.

मग आमची पाळी आली. एक मुलगा दुसऱ्या तळापर्यंत पोचला. पुढच्याने चेंडू हाणला, तो उंच गेला आणि एका इंजिनिअरने झेलला. आमचा मुलगा मात्र पळतच राहिला. मागे चेंडू तळावर पोचला, तो बाद. सगळे ओरडत होते, परत फिर, परत फिर! तो पुढेच. घरी पोचून दोन्ही हात वर करून नाचला.

अमेरिकन खदखदून हसले. पुढच्या पाळीत पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या पाळीत तिसऱ्यांदा. आमच्या पोरांना कोणी सांगितलंच नव्हतं. सरावात आपल्याच पोरांकडून झेल कधी व्हायचा नाही, त्यामुळे कोणाला परत फिरायची वेळच आली नव्हती. बाजीराव रेषेवर उभे राहून टाळ्या वाजवत होते, "भले पठ्ठे! मागं बघायचं न्हाई!"

मी मनात नाव घ्यायला लागले.

हे धावा लिहायच्या टेबलाशी बसले होते. तिसऱ्या वेळी ते उठले. हातातली पेन्सिल तशीच धरून रेषेवर गेले. आमच्या खुर्च्या जवळच होत्या, मला सगळं ऐकू आलं.

"बाजीराव, पोरांना माघारी फिरायला सांग."

"फिरायचं? आन् फाऊल?"

"फाऊल खो-खोत. तू परवा घरी बोललास तेच ती पोरं करतायत. इथे झेल झाला की माघारी यायचंच असतं."

बाजीरावांनी कपाळावर हात मारला. "आयला! म्याच मारली की तिन्ही पोरं!"

"मारलीस. आता चौथ्याला वाचव. आणि त्याला सांग, परत येताना सूर मार. तो तुझ्याइतका कोणाला येत नाही."

चौथा होता इद्रिस, उंच सुदानी मुलगा. झेल झाला, आणि तो अर्ध्या वाटेवरून वळला. बाजीराव बाजूने ओरडत पळत होते, "सूर! सूर!" इद्रिसला मराठी कुठलं येणार, पण त्याने सगळं अंग रेतीवर झोकून दिलं आणि बोटं तळाला लावली. चेंडू त्याच्या मागून आला. वाचला. आणि मग पुढच्याच फटक्यावर घरी पोचला.

शेवटी आम्ही एका धावेने हरलो. त्या तीन मुलांतला एक जरी वाचून घरी पोचला असता तरी बरोबरी झाली असती.

चहाच्या वेळी प्रिन्सिपलसाहेब आणि अमेरिकन संघाचा कोच टेबलाकडे आले. कोच जाडजूड, लाल कानांचा. हातात पुस्तिका, आमचं पान उघडलेलं. त्याने बाजीरावांकडे बोट करून विचारलं, "हा तो खो-खोवाला का?" आणि मग साहेबांना म्हणाला, "तुमची पोरं परत फिरेनात तेव्हा मला वाटलं, यांना खेळच येत नाही. मग हे वाचलं. वाचल्यावर कळलं की ती पोरं शिकवलं तसंच खेळत होती."

क्रॉफर्डसाहेब यांच्याकडे वळले. "तू खरंच कधी काही खेळलेला नाहीस?"

"नाही सर."

"आणि हे तू छापायला दिलंस?"

"बायकोने लिहिलंय सर."

"तिला सांगायचं, थोडं वाढवून लिही."

"सांगितलं होतं सर," हे म्हणाले. "तिने ऐकलं नाही."

साहेब हसले नाहीत. माझ्याकडे बघून किंचित मान लववली आणि निघून गेले. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते आम्हा दोघांनाही कळेना.

पुढचे दहा दिवस काही कळलं नाही. मी सासूबाईंसाठी घेतलेलं ब्लँकेट, वडिलांसाठी थर्मास, असं एकेक पेटीत भरायला सुरुवात केली. हे कामावरून आल्यावर पेटीकडे बघायचे नाहीत. तुळशीचा डबा मात्र स्वतःच सावलीत सरकवायचे. मी गेल्यावर पाणी कधी घालायचं, किती घालायचं, ते एकदा त्यांनी विचारून घेतलं.

मंगळवारी दुपारी बाजीराव जिन्यातूनच ओरडत आले. "वैनी! पेटी उघडा!"

मागून हे, हातात ऑफिसचं पत्र. ते दाराशीच उभे राहिले. पत्रात होतं: धोंडीराम, स्पोर्ट्स सुपरवायझर, एक वर्षासाठी.

"मला आदी बोलावलं हुतं," बाजीराव खाली बसत म्हणाले. "साहेब म्हनला, पानावर बघितलं तर खरा खेळाडू तूच. म्या म्हनलं, साब, खेळाडू हूं, लेकिन तीन लडका मैंने मारा. चौथा इसने बचाया. और बस कौन चलाएगा?" मग हसून म्हणाले, "आन् आमची कारभारीण हौसाबाई हितं येनार हुती व्हय? तिला व्हिसा पाठवला असता तर तिनं इचारलं असतं, म्हशींना बी मिळतोय का."

मी देवापुढे साखर ठेवली. दोघांना चहा दिला. यांनी बशीत चहा ओतला आणि न पिता धरून बसले.

"तुझ्या बाबांना कळवायला पाहिजे," ते म्हणाले.

"सुपरवायझर झाल्याचं?"

"ते पण. आणि दुसरं पण. तूच लिही. त्याच पेनाने."

वडिलांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. त्यात एवढंच होतं की ते सांगलीला मॅच बघायला जायचे तेव्हा धावफलक नेहमी वेळेवर बदलायचा, एकदाही चुकलेला त्यांना आठवत नाही.

जहूरने वर्कशॉपमधल्या उरल्यासुरल्या पत्र्यातून शून्य ते नऊ असे आकडे कापले, वर भोकं पाडली, काळा रंग दिला. मैदानाच्या कडेला दोन पाइप उभे करून फळी बसवली, मागे शिडी. एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी, उपासाच्या दिवशी, मी बसच्या सावलीत खुर्चीवर बसले होते. सुपरवायझर झाले तरी त्या दिवशी शिडीवर हेच चढले. नऊ वर्षांत यांना असं काम करताना मी पहिल्यांदा बघत होते. आकडा दोन बोटांत धरलेला, तो खिळ्यावर न बघताच बसवायचा, आणि नजर सारखी मैदानावर. फळीवर आमच्या तीन धावा होत्या. इद्रिसने बॅट मागे नेली. चेंडू अजून लागायचा होता, आणि यांचा हात चारच्या आकड्याकडे निघाला होता.